परदेशात राहताय? विश्रांतवाडीच्या मतदार यादीत तुमचं नाव आहे का आणि कुठल्या रकान्यात आहे, ते असं तपासा

निवडणूक जाहीर झाली की विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरी भागातल्या घरांमध्ये एक फोन हमखास येतो. फोन करणारा म्युनिकमध्ये, दुबईत किंवा टेक्सासमध्ये असतो. "आई, माझं नाव यादीत आहे का बघ ना जरा." आई बघते. नाव असतं, शेजारी कॉलेजातला फोटोही असतो. "आहे रे बाबा," असं सांगून विषय संपतो.

पण नाव आहे एवढ्यावर थांबू नका. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकासाठी यादीत वेगळी जागा आहे, नोंदणीचा फॉर्म वेगळा आहे आणि मतदान केंद्रावर दाखवायचा कागदही वेगळा आहे. आईला दिसलेलं नाव बहुतेक वेळा जुनं, साधं नाव असतं. ते उद्या कटू शकतं आणि कटलं तर तुम्हाला म्युनिकमध्ये पत्ताही लागणार नाही.

आधी हे ठरवा, तुम्ही नक्की कोण?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार नाव तिथल्याच यादीत येतं, जिथे माणूस सर्वसाधारणपणे राहतो. त्यामुळे वर्षानुवर्षं परदेशात असलेल्यांची पंचाईत व्हायची. पासपोर्ट भारताचा, नागरिकत्व भारताचं, पण राहत नाही म्हणून यादीत जागा नाही. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कलम २०अ आलं आणि २०११ पासून 'परदेशस्थ मतदार' हा प्रकार सुरू झाला. नोकरी, शिक्षण किंवा इतर कारणाने भारताबाहेर असलेला आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेला नागरिक यात येतो.

मग सहा महिन्यांसाठी ऑनसाइट गेलेल्या आयटीवाल्याचं काय? याच कायद्यात असंही म्हटलंय की तात्पुरतं घरापासून दूर गेल्याने माणूस तिथला रहिवासी राहत नाही, असं होत नाही. म्हणजे प्रोजेक्ट संपवून परत येणाऱ्याने घाबरून फॉर्म भरत बसायची गरज नाही. पण तुम्ही चार-पाच वर्षं बाहेर आहात, घर तिकडे थाटलंय, मुलं तिकडच्या शाळेत आहेत, तर 'मी विश्रांतवाडीत राहतो' हे सांगणं अवघड आहे. अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ओसीआय कार्ड असलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही, त्यामुळे मतदानाचा हक्कही नाही. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारताचं गेलं. गोव्यात तर हा घरोघरीचा प्रश्न आहे, कारण तिथल्या अनेकांनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलंय.

आता यादी उघडूया

निवडणूक आयोगाचं मतदार सेवा पोर्टल (व्होटर्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन) जगात कुठूनही बघता येतं. त्यावर नाव शोधायच्या तीन वाटा आहेत: ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि नाव-वय-मतदारसंघ हा तपशील.

मोबाइलची वाट परदेशातून बहुतेकदा बंद होते, कारण ओटीपी जुन्या भारतीय नंबरवर जातो आणि ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. ओळखपत्राचा क्रमांक माहीत असेल तर तो टाका, जुनी साधी नोंद लगेच सापडेल. परदेशस्थ मतदाराला मात्र ओळखपत्र दिलंच जात नाही. म्हणून त्या नोंदीसाठी तपशिलाची वाटच धरावी लागते.

तिथे पहिली चूक मतदारसंघ निवडताना होते. विश्रांतवाडी २०८ क्रमांकाच्या वडगाव शेरी विधानसभा मतदारसंघात आहे आणि हा मतदारसंघ पुणे लोकसभेत येतो. पण आळंदी रोडने थोडं पुढे गेलात की दिघी लागतं, ते भोसरी विधानसभेत आणि म्हणून शिरूर लोकसभेत. बोलताना आपण सर्रास "विश्रांतवाडीच्या पुढे" म्हणतो, यादीला ते कळत नाही.

दुसरी चूक स्पेलिंगची. मराठी यादीतलं नाव आणि पासपोर्टवरचं इंग्रजी नाव यांचं जुळेलच असं नाही. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललं, यादीत माहेरचंच राहिलं, हे तर नेहमीचं. पूर्ण नाव टाकून काही आलं नाही तर आडनाव माहेरचं-सासरचं दोन्ही टाकून बघा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहून बघा. तरीही नाही सापडलं, तर लगेच 'माझं नाव कापलं' अशी पोस्ट टाकू नका. एक जुनी, खात्रीची पद्धत शिल्लक आहे.

त्याच पोर्टलवरून तुमच्या यादी भागाची पीडीएफ उतरवून घ्या. राज्य, जिल्हा, मतदारसंघ आणि मग भाग. भाग कुठला हे माहीत नसेल तर घरातल्या कुणाचंही नाव शोधा, त्यांच्या नावापुढे भाग क्रमांक येतो. पीडीएफ उघडली की दोन ठिकाणी बघायचं. तुमच्या सोसायटीच्या किंवा गल्लीच्या विभागात नाव आहे का, हे पहिलं. आणि अगदी शेवटी परदेशस्थ मतदारांचा वेगळा विभाग असतो, त्यात आहे का, हे दुसरं.

सोसायटीच्या विभागात सापडलात, तर तुम्ही अजून साधे मतदार आहात. शेवटच्या विभागात सापडलात, तर नोंदणी बरोबर झालीय. दोन्हीकडे सापडलात, तर एक नोंद काढायला हवी, कारण एका माणसाचं नाव यादीत दोनदा असणं कायद्याला मान्य नाही. कुठेच नसाल, तर पुढचं वाचा.

फॉर्म ६ए: सगळा खेळ पासपोर्टचा

परदेशस्थ मतदार म्हणून नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म ६ए. तो ऑनलाइन भरता येतो, पोस्टाने पाठवता येतो किंवा सुट्टीवर आलात की मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे हातोहात देता येतो. फोटो आणि पासपोर्टच्या फोटो, पत्ता व व्हिसा असलेल्या पानांच्या प्रती लागतात. पोस्टाने पाठवत असाल तर प्रतींवर स्वतःची सही करा. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावं लागतं. (अनेकांना इथेच जिवावर येतं. आयुष्यातलं पहिलं ओळखपत्र असतं ते!)

मतदारसंघ कुठला, हे तुम्ही निवडत नाही. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे तोच धरला जातो. समजा, धानोरीची एक मुलगी जर्मनीत शिकतेय. मधल्या काळात आईवडील वाकडला राहायला गेले. तिच्या पासपोर्टवर अजून धानोरीच आहे, तर तिचं नाव वडगाव शेरीतच लागेल, आईवडिलांबरोबर नाही.

याहून मोठी अडचण पासपोर्टचं नूतनीकरण परदेशात केलं की येते. तिथल्या भारतीय दूतावासात अर्ज करताना स्थानिक पत्ता छापून घ्यायची सोय असते आणि ती सोयीची वाटते म्हणून बरेच जण घेतात. मग पासपोर्टवर पत्ता येतो दुबईचा किंवा डॅलसचा. कलम २०अ मात्र पासपोर्टवरचा भारतातला पत्ता विचारतं. मतदार म्हणून नाव लावायचं मनात असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज भरतानाच याचा विचार करा.

अर्ज गेला की बीएलओ, म्हणजे तुमच्या भागाचा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पासपोर्टवरच्या पत्त्यावर येतो. ही व्यक्ती बहुधा जवळच्या शाळेतली शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असते. घरच्यांना तुमच्याबद्दल विचारलं जातं. घरी कुणी नसेल किंवा खात्री पटली नाही, तर कागदपत्रं त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे तपासायला जाऊ शकतात. निर्णय तुमच्या परदेशातल्या पत्त्यावर आणि फॉर्ममध्ये दिलेल्या मोबाइलवर कळवला जातो. नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

म्हणून अर्ज करायच्या आधी घरी फोन करा आणि आईबाबांना सांगून ठेवा. नाहीतर बीएलओ दारात आल्यावर "तो इथे राहतच नाही हो, आठ वर्षं झाली," एवढंच उत्तर मिळतं आणि साध्या यादीतलं नावही 'स्थलांतरित' म्हणून निघण्याच्या रांगेत लागतं. उत्तर खरंच असतं. फक्त "पण नागरिक भारताचाच आहे आणि फॉर्म ६ए भरलाय," एवढं पुढे जोडायचं असतं.

नाव निघतं कसं?

स्थलांतराच्या कारणाने नाव काढण्याआधी मतदाराला म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. ती नोटीस घरच्या पत्त्यावर जाते, तुम्ही दुसऱ्या खंडात असता. मतदानाच्या आधी बीएलओ गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची एक वेगळी यादीही करतात. त्यात नाव गेलं तरी मत देता येतं, पण केंद्रावर जास्त कडक ओळख पटवावी लागते.

२०२५ मध्ये बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण झालं, तेव्हा प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं आली नव्हती. मृत, दुबार आणि कायमचे स्थलांतरित ही त्यामागची मुख्य कारणं आयोगाने दिली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या पुढच्या टप्प्यात गोवा आणि केरळ ही परदेशात माणसं पाठवणारी दोन राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. अशा मोहिमेत जुन्या साध्या नोंदीच्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

एवढं करून मत द्यायचं कसं?

इथे खरी मेख आहे. परदेशस्थ मतदाराला दूतावासात मत देता येत नाही, पोस्टाने नाही आणि ऑनलाइनही नाही. विमानाचं तिकीट काढून आपल्या मतदान केंद्रावर यायचं आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा.

विश्रांतवाडीत यावर एक प्रश्न लगेच येतो: "शेजारच्या फौजी काकांना पोस्टाने मतपत्रिका येते, मग आपल्याला का नाही?" लष्करातले जवान आणि परदेशातल्या दूतावासांमधले सरकारी कर्मचारी हे 'सेवा मतदार' असतात. त्यांची नोंदणी वेगळी आणि त्यांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेली टपाली मतपत्रिका मिळते. दुबईतल्या बँकेत काम करणारा त्यात बसत नाही.

परदेशस्थांनी आपल्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला सांगावं, असं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूरही झालं होतं. राज्यसभेत ते पुढे गेलं नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने सेवा मतदारांसारखी टपाली सोय परदेशस्थांनाही द्यायची तयारी कायदा मंत्रालयाला कळवली.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. मत दिलं २,९५८ जणांनी आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंद होती ५,०९७ जणांची आणि केंद्रावर पोचले १७.

फिलिपिन्सचं उदाहरण इथे आठवतं. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं डॉक्टर व्हायला तिथे जातात. त्या देशाने २००३ मध्ये परदेशातल्या नागरिकांसाठी मतदानाचा कायदा केला आणि २००४ पासून त्यांचे कामगार, नर्स, खलाशी जिथे असतील तिथून मत देऊ लागले. परदेशस्थ मतदारांची वेगळी राष्ट्रीय यादी असते, लागोपाठ दोन राष्ट्रीय निवडणुकांत मत दिलं नाही तर नाव निघू शकतं, आणि २०२५ मध्ये तर त्यांनी इंटरनेटवरून मतदान घेतलं. मनिलात शिकणारा पुणेकर मात्र आपल्या मतासाठी विमान पकडतो.

मग एवढी खटपट का करायची? वडगाव शेरीचा निकाल २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही विधानसभांना पाच हजारांपेक्षा कमी मतांनी लागला. आणि उद्या टपाली मतदानाचा नियम झालाच, तर तो यादीच्या शेवटच्या विभागातल्या नावांसाठी असेल, सोसायटीच्या विभागातल्या जुन्या फोटोसाठी नाही.

नव्या नोंदीसाठी वर्षात चार पात्रता तारखा असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. एरवी अर्ज कधीही करता येतो. पण उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस गेला की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घेतलं जात नाही, आणि बीएलओची फेरी, हरकतींची मुदत हे सगळं त्याआधी व्हावं लागतं. दिवाळीला घरी येणार असाल तर अर्ज गणपतीतच टाका. म्हणजे सुट्टीत अधिकाऱ्याने मूळ पासपोर्ट बघायला मागितलाच, तर तो तुमच्या खिशात असेल.