ब्रॉंक

ब्रॉंक : रोडिओत (घोडे-गुरांवरील स्वारीच्या स्पर्धेत) पाठीवरच्या स्वाराला फेकून देणारा घोडा. तो रानटी किंवा छळाने बिथरलेला असतो, हा समज सरसकट खरा नाही. अमेरिकेच्या माँटाना राज्यात, ब्लॅकफीट या मूलनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात, रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील माळावर, अशी जनावरे वंश पाहून निपजवली जातात. उसळणाऱ्या घोडीचे शिंगरू उसळेल, हा हिशेब. मागच्या पायांपुढे बांधलेल्या पट्ट्यामुळे लाथा अधिक उंच जातात, पण मुळात खोड अंगात लागते. स्वाराने एका हाताने धरून ८ सेकंद टिकायचे. मोकळा हात घोड्याला लागला की फेरी बाद. फाटकातून सुटताना पहिल्या उडीला टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर हव्यात. १०० पैकी निम्मे गुण घोड्याचे असल्याने मवाळ घोडा वाट्याला आला, तर खट्टू होतो तो स्वारच! ब्लॅकफीटांकडे घोडे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. १८८३-८४च्या हिवाळ्यात बायसन संपून भीषण उपासमार झाली. गुरे पाळण्याकडे ते वळले त्यानंतर. तिथल्या ब्राउनिंग गावात दर जुलैत भरणाऱ्या ‘नॉर्थ अमेरिकन इंडियन डेज’ या मेळ्यात रोडिओही असतो. खोगिराविना घोडे पळवायची ‘इंडियन रिले’ शर्यत मात्र ब्रॉंकस्वारीहून वेगळी. – संपा.