उपहासकांची बैठक

हिब्रू स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात धन्य पुरुषाचे वर्णन आरंभी आले आहे. तीन प्रकारच्या माणसांची संगत त्याने टाळलेली असते, असे तेथे सांगितले आहे. पहिला दुर्जन, दुसरा पापी आणि तिसरा 'लेत्स'. पहिल्या दोघांचा निषेध कोणताही धर्मग्रंथ करील. तिसऱ्याचे नाव त्यांच्याच पंक्तीस आणि तेही अखेरीस यावे, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. लेत्स म्हणजे टवाळी करणारा, तुच्छतेने हसणारा मनुष्य. तो चोरी करीत नाही, कोणाचे रक्त सांडीत नाही. तो बसतो आणि हसतो. स्तोत्रकर्त्यानेही त्याच्या संदर्भात बैठकीचाच उल्लेख केला आहे. या बसून हसण्यास प्राचीन इस्राएलाने एवढा गंभीर दोष का मानावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठी अनुवादांत या शब्दासाठी 'निंदक' हा प्रतिशब्द योजिला गेला आहे. तो अर्थाच्या जवळ जातो, परंतु तेथवर पोचत नाही. निंदा दोषावर बोट ठेवते. आपल्या संतांना निंदकातही एक उपकारकर्ता दिसला तो यामुळेच. लेत्स दोष दाखविण्याच्या भानगडीत पडत नाही. समोरच्याचे म्हणणे ऐकून घेण्याच्याही योग्यतेचे नाही, असे तो आधीच ठरवून टाकतो. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले असून त्यांपैकी 'उपहसित' हे मध्यम प्रकृतीच्या पात्रांकडे दिले आहे. तेथे विचार आहे तो औचित्याचा. हिब्रू ग्रंथकारांपुढील प्रश्न निराळा होता. कोण कसे हसतो यापेक्षा हसणारा ऐकू शकतो की नाही, याची त्यांना चिंता होती. ही चिंता कोठून आली हे पाहावयाचे, तर एका विशिष्ट नगराकडे आणि एका विशिष्ट काळाकडे वळावे लागते.

इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या छोट्या राज्यावर चालून आला. त्याच्या मोहिमेचा वृत्तांत मातीच्या षट्कोनी स्तंभांवर कोरलेला असून तो आजही वाचावयास मिळतो. यहूदाची तटबंदीची ४६ नगरे आपण जिंकली, असे तो त्यात सांगतो आणि राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखराची उपमा देतो. यरुशलेम जिंकल्याचे मात्र तो म्हणत नाही. हिज्कीयाने दिलेल्या खंडणीची यादी तेवढी देतो. विजयाच्या लेखात जेथे विजयाचा उल्लेख करता आला नाही, तेथे उपहासाने ती जागा भरून काढली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच प्रसंगाची दुसरी बाजू राजे या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात आली आहे. सन्हेरीबाने लाखीशहून आपला अधिकारी रब्शाके यास यरुशलेमच्या तटाखाली पाठविले. (रब्शाके हे व्यक्तीचे नाव नसून एका दरबारी पदाचे आहे.) हिज्कीयाचे कारभारी त्याला विनवितात की, त्याने अरामी भाषेत बोलावे, ती आपल्याला समजते, तटावरच्या लोकांच्या कानी पडेल अशा यहूदी बोलीत बोलू नये. रब्शाके ही विनंती झिडकारतो आणि मुद्दाम मोठ्याने लोकांच्याच भाषेत बोलू लागतो. तुम्हाला स्वार मिळणार असतील तर दोन हजार घोडे आमच्याकडून घ्या, असा देकार तो करतो. मिसर देशाच्या मदतीला तो मोडक्या बोरूची उपमा देतो. त्यावर टेकणाऱ्याच्याच हातात तो घुसेल, असे बजावतो. वेढ्यात अडकलेल्या लोकांना काय खावे आणि प्यावे लागेल, हे सांगताना तर तो शिष्टाचाराची पर्वाच करीत नाही.

या भाषणातील एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. रब्शाके जे बोलला, त्यातील पुष्कळसे खरे होते. मिसराच्या मदतीवर विसंबणे व्यर्थ आहे, हे यरुशलेमातच राहणारा यशया संदेष्टा सांगत होता. दोन हजार स्वारांविषयीच्या टोमण्यालाही कारभाऱ्यांपाशी उत्तर नव्हते. म्हणजे उपहासाचे पाप असत्यात आहे, असे या कथेवरून म्हणता येत नाही. यशया आणि रब्शाके मिसराविषयी जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. परंतु यशया ती आपल्या लोकांनी सावध व्हावे म्हणून सांगतो, तर रब्शाके त्यांनी आशा सोडावी म्हणून. कथाकाराने त्याला दिलेले उत्तरही लक्षणीय आहे. राजाच्या आज्ञेवरून तटावरचे लोक गप्प राहतात. पुढे शत्रूकडून पत्र येते तेव्हा हिज्कीया ते घेऊन मंदिरात जातो आणि देवापुढे उलगडून ठेवतो. जे शब्द ऐकणाऱ्याला चिरडण्यासाठी उच्चारले होते, ते तो दुसऱ्या एका ऐकणाऱ्यापुढे मांडतो.

एवढेच असते तर बायबलातील उपहासाचा निषेध म्हणजे पीडितांची शत्रूविषयीची तक्रार ठरली असती. तसे झाले नाही, कारण त्याच काळात तटाच्या आतही हसणे चालू होते. यशयाच्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय वेढ्याच्या आधीच्या वर्षांतला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात मद्याने झोकांड्या खाणारे याजक आणि संदेष्टे दिसतात. हा कोणाला शिकवू पाहतो, नुकत्याच दूध तुटलेल्या बालकांना की काय, असे ते विचारतात. त्यानंतर येणाऱ्या तुटक, पुन्हा पुन्हा उच्चारलेल्या अक्षरांचा अर्थ लावणे कठीण आहे. परंतु ते यशयाला वेडावून दाखवीत आहेत, असे पुष्कळ भाष्यकारांचे मत आहे. यशयाचे प्रत्युत्तर असे की, ही सोपी भाषा ज्यांना ऐकवत नाही, त्यांच्याशी परक्या आणि अडखळत्या ओठांनी बोलले जाईल. काही काळानंतर रब्शाके तटाखाली येऊन उभा राहिला. दैवगती अशी की, तो परका असूनही त्यांच्याच भाषेत बोलला.

याच अध्यायात यशया यरुशलेमच्या सत्ताधाऱ्यांना 'अन्शे लात्सोन', म्हणजे टवाळीची माणसे, असे संबोधतो. हा शब्दप्रयोग हिब्रू बायबलात आणखी एकाच ठिकाणी, नीतिसूत्रांच्या एकोणतिसाव्या अध्यायात, आढळतो. अशी माणसे नगराला आग लावतात, असा तेथे आशय आहे. आता, नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या संग्रहाच्या शीर्षकात हिज्कीया राजाच्या माणसांनी ही सूत्रे उतरवून घेतल्याची नोंद आहे. या नोंदीवर किती भार टाकावा, याविषयी मतभेद होऊ शकतील. तरीही ज्या नगराने तटाखालून होणारी टवाळी ऐकली, त्याच नगराच्या परंपरेत आतल्या टवाळांचे वर्णन आग लावणारे असे व्हावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. बाहेरच्या उपहासाने नगर पडले नाही. आतला उपहास मात्र त्यांना अधिक घातक वाटला.

नीतिसूत्रांतील इतर संग्रहांत लेत्साचे हे चित्र पूर्ण होते. मूर्ख आणि भोळा हे त्याचे शेजारी आहेत. पण भोळ्याला शिकविता येते, ही आशा सूत्रकारांनी कधी सोडलेली नाही. लेत्साविषयी ती त्यांना नाही. त्याला बोध करू जावे तर तो बोध करणाऱ्याचाच द्वेष करतो. तो शहाणपण शोधतो, पण ते त्याला सापडत नाही. येथे सूत्रकारांची सूक्ष्म दृष्टी दिसते: लेत्स हा बुद्धीने मंद नाही, त्याला ज्ञानाची इच्छाही आहे, परंतु जे ज्ञान दुसऱ्याकडून स्वीकारावे लागते, ते स्वीकारण्याची वाटच त्याने बुजविली आहे. दुसरे एक सूत्र दरिद्र्याच्या उपहासाविषयी आहे. गरिबाला हसणारा त्याच्या निर्मात्याचाच अपमान करतो, असा त्याचा आशय आहे. पहिल्या प्रकारात मनुष्य स्वतःची हानी करतो, दुसऱ्यात इतरांची. परंतु समोरच्या माणसाला मोजदादीतून वगळणे हे दोहोंचे मूळ एकच आहे.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. बायबलात देवही हसतो. पहिल्या स्तोत्राने उपहासकांची बैठक वर्ज्य ठरविली, तर दुसऱ्याच स्तोत्रात स्वर्गस्थ प्रभू कट करणाऱ्या राजांना हसतो आहे. नीतिसूत्रांत तर उपहासकांचा तो उपहास करतो असे सांगताना त्याच धातूचे क्रियापद वापरले आहे. कर्मेल पर्वतावर एलीया बआलाच्या ४५० संदेष्ट्यांना विचारतो की, तुमचा देव प्रवासाला गेला की झोपी गेला. तेथे क्रियापद निराळे आहे आणि एकटा मनुष्य राजाश्रय असलेल्या बहुसंख्यांना हसतो आहे, असे समर्थन करता येते. तथापि त्या दिवसाचा शेवट त्या संदेष्ट्यांच्या कत्तलीत झाला, हे विसरून चालणार नाही. अलीशाची कथा याहून अवघड आहे. बेथेलच्या वाटेवर मुलांनी त्याला टकल्या म्हणून चिडविले, त्याने शाप दिला आणि दोन अस्वलींनी ४२ मुले फाडली. टवाळीला दिलेली ही शिक्षा पुढच्या यहूदी परंपरेलाही पचली नाही. अलीशाच्या आजारपणांपैकी एक आजार त्याने मुलांवर अस्वले सोडल्याबद्दल होता, असे ताल्मुदात म्हटले आहे. उपहासाविरुद्धचा रोष स्वतःच बहिरा होऊ शकतो, याची जाणीव त्या परंपरेने जतन केली, हे तिला भूषणावहच आहे.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. या विनाशाची मीमांसा करताना राजे या ग्रंथाने मूर्तिपूजा आणि निरपराध्यांचा रक्तपात यांवर भर दिला आहे. बंदिवासानंतर लिहिल्या गेलेल्या इतिहास या ग्रंथाने तीच हकीकत सांगताना एक कारण अखेरीस ठळकपणे पुढे आणले: देवाने पाठविलेल्या दूतांची लोकांनी टर उडविली आणि मग उपाय उरला नाही. एका राष्ट्राच्या नाशाच्या कारणांत हसण्याची गणना करणारा इतिहासकार विरळा. त्याचा अभिप्राय असा दिसतो की, इतर पापांतून परतण्याचा मार्ग कोणीतरी सांगू शकतो. सांगणाऱ्यालाच हसून घालविल्यावर तो मार्ग कोण दाखविणार?

शुभवर्तमानांत या इतिहासाला वेगळे वळण लागते. रोमन शिपाई येशूला जांभळे वस्त्र नेसवितात, काट्यांचा मुकुट घालतात आणि राजा म्हणून मुजरा करतात. रोमन शिक्षापद्धतीत अशी विटंबना अपरिचित नव्हती. रब्शाकेच्या बाबतीत दिसले तेच येथे निराळ्या रूपाने दिसते. ज्यांच्यासाठी शुभवर्तमान लिहिले गेले, त्यांच्या श्रद्धेनुसार शिपाई थट्टेने जे म्हणत होते ते सत्यच होते. त्यांनी ते उच्चारले, पण ऐकले नाही. हिज्कीयाच्या कथेत हसला गेलेला राजा वाचतो. येथे तो मरतो आणि तरीही कथा त्याच्याच बाजूने सांगितली जाते.

शेवटी पुन्हा त्या मूळ शब्दाकडे येऊ. 'लेत्स' ज्या धातूपासून आला, त्याच धातूशी जुने कोशकार 'मेलीत्स' हा शब्द जोडतात. सर्व भाषाशास्त्रज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य आहे असे नाही. मेलीत्स म्हणजे दुभाषी. मिसरात योसेफ आपल्या भावांशी ज्याच्या द्वारे बोलला, तो मेलीत्स होता. ईयोबाच्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात हा शब्द अशा रीतीने आला आहे की, अनुवादकांत दोन पक्ष पडले आहेत. कोणी त्याचा अर्थ असा करतात की, ईयोबाचे मित्रच त्याचा उपहास करीत आहेत. कोणी असा करतात की, त्याची बाजू मांडणारा त्याचा मित्र आहे. ईयोबाच्या भोवती बसलेले मित्र विद्वान होते, परंपरेचे जाणकार होते आणि ते जे बोलले त्यातील बरेचसे इतरत्र खरे ठरले असते. ग्रंथाच्या अखेरीस त्यांच्यावर देवाचा कोप झाला आणि त्यांच्यासाठी ईयोबालाच प्रार्थना करावी लागली. दुसऱ्याच्या लेखनाचा अर्थ लावण्यास जे बसतात, त्यांनाही याच दोन अर्थांपैकी एक निवडावा लागतो आणि त्यासाठी आधी पुरते ऐकून घ्यावे लागते.