उसाला गेलेले थोरले बाबा

लहानपणी सकाळी उन्हे अंगणात उतरेपर्यंत आम्ही पोरे अंथरुणात लोळत पडलो, की आमची आजी चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडायची, "निजा, निजा! एक दिस निजलं की दोन दिसांचं गेलं!" एका दिवसाच्या झोपेने दोन दिवस कसे जातात, हे गणित आम्हाला कधी सुटले नाही. विचारले तर ती म्हणे, "थोरल्या बाबांचं बोलणं हाय ते. उसाला गेल्ते ना, तिथं शिकून आले."

थोरले बाबा म्हणजे आजीच्या सासऱ्यांचे आजोबा. आजीने त्यांना पाहिले नव्हते. पण तिच्या सासऱ्यांनी त्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकल्या होत्या. म्हणजे ही साक्ष तिसऱ्या तोंडची. तरी ती मी टाकून देत नाही.

आता पाथर्डीच्या माणसाला 'उसाला गेले' या शब्दांत नवल ते काय? दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली अर्धीअधिक गावे कोयता, पीठ आणि पोरे घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. थोरले बाबाही असेच प्रवरेकाठी गेले असतील, अशी माझी खुशाल समजूत होती. पुढे मास्तरकी पत्करली, पोरांना इतिहास शिकवू लागलो, आणि एके दिवशी फळ्यापाशी उभा असतानाच खडू हातात राहिला. लोणीच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० सालचा. बेलापूरचा खासगी कारखानासुद्धा पहिल्या महायुद्धानंतरचा. थोरले बाबा तर विसावे शतक उजाडण्याच्या सुमारासच वारलेले. मग त्यांनी तोडला तो ऊस कुठला?

आजी तेव्हा हयात होती. खोदून खोदून विचारले तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, बाबा परत आल्यावर त्यांना पैठणला नेऊन गंगेत स्नान घातले आणि मगच पंगतीला घेतले. दुसरी, जाताना ते मुंबईपर्यंत पायी गेले, तेव्हा 'आगीनगाडी जन्मली नव्हती'. येताना मात्र खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडीत बसून आले.

पायी मुंबई, आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान! ऊस समुद्रापलीकडचा होता.

तो मॉरिशसचा. त्या बेटावर १८३५ साली गुलामगिरी बंद झाली आणि ऊसमळ्यांच्या मालकांना मजूर हवे झाले. १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्याची सुरुवात झाली होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे. पैकी मुंबईहून गेलेले सर्वांत थोडे, आणि त्यांत आपली मराठी माणसे. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ-डाळीचा शिधा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. सुमारे एक तृतीयांश परतली. बाकीच्यांची हाडे तिथेच राहिली आणि वंशही तिथेच वाढला.

आणि आजीचे ते गणित! मॉरिशसच्या मळ्यांवर एक नियम होता: मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. 'डबल कट' हे त्याचे नाव. हे वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील. मी पुस्तक मिटून अंगणात आलो. आजी जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. एक अक्षर न शिकलेल्या त्या बाईने मॉरिशसचा कायदा तोंडपाठ ठेवला होता, आणि मी, इतिहासाचा मास्तर, तो अंथरुणात लोळत ऐकत होतो.

आगगाडीच्या आठवणीने तर सालेही सापडतात. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची. तेव्हा बाबा गेले त्याआधी. खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली १८५८ साली, आणि बोरघाटातून लोहमार्ग झाला १८६३ ला. घाट पायी आणि पुढे गाडी असा त्यांचा परतीचा प्रवास याच पाच वर्षांतला असला पाहिजे. परतीचे जहाज फुकट मिळण्याचा हक्कही १८५० च्या दशकाच्या आरंभी नव्या मजुरांना नाकारण्यात आला. बाबा त्याआधीच्या तुकडीत असतील, म्हणून आले. एरवी आज मी कदाचित क्रेओल भाषेत लिहीत असतो!

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला गाळलेल्या जागा भरायची खोड असते. जहाजावरची वादळे, मळ्यावरचा मुकादम, सारे मनात उभे राहते. ते इथे लिहीत नाही. जे सापडण्याजोगे आहे त्याचाच शोध चालला आहे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे, आणि नोंदवहीत नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण लिहिली जाई. परतला तर तेही. तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारशात आहे, आणि त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. अडचण एवढीच की आडनाव लिहायची रीत नव्हती. तिथल्या मराठी घरांत म्हणूनच पूर्वजांची नावेच आडनावे होऊन बसली आहेत. गणपती मात्र ती घरे अजून बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातून गेलेली झाकडी अजून नाचली जाते.

थोरल्या बाबांनी आणलेल्या पैशांत आमच्या रानात विहीर पाडली गेली. ती अजून आहे. त्यांनी घरात एक नेम घालून दिला होता: या विहिरीवर ऊस लावायचा नाही. खरे सांगायचे तर विहिरीला माघातच तळ दिसतो, त्यामुळे नेम पाळायला फारसे कष्ट पडले नाहीत.

पण माझा चुलतभाऊ गेली अकरा वर्षे बायकोसह कोयत्यावर जातो. मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर सुटका नाही. मागच्या दिवाळीत फराळाला बसलो असताना मी त्याला डबल कटाची हकीकत मोठ्या उत्साहाने सांगितली. तो चकली मोडत म्हणाला, "दादा, त्याला आमच्यात खाडा म्हणतात. दिवस बुडाला तर मजुरी जातीच, वर दंड." मग त्याने बायकोकडे पाहिले. गेल्या हंगामात ती तापाने चार दिवस कोपीत पडून होती.

त्याचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. पाडवा झाला की गाडी येईल, आणि माझ्या हजेरीपत्रकात पोरांच्या नावांपुढे 'गै' पडू लागेल. गेल्या वर्षापासून मी एक निराळी वही केली आहे. तीत पोराचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जातो तो कारखाना, एवढे लिहून घेतो. परत आला की तारीख. काल पुतण्याने ती चाळली आणि विचारले, "यात थोरल्या बाबांचं नाव कुठंय?" पहिले पान मी कोरे ठेवले आहे. ते त्याला दाखवले.