लष्करी गावे आणि दूरचा वैद्य

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' या नावानेच पंचक्रोशीत ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ आजही गावात उभा आहे. जे गेले त्यांची नोंद दगडावर झाली. परंतु जे जिवंत परतले आणि पुढे शेताच्या बांधावर म्हातारे झाले, त्यांच्या औषधपाण्याची नोंद कोणी ठेवली?

पलटणीत असताना सैनिकाला वैद्य शोधावा लागत नाही. वैद्य पलटणीबरोबरच चालतो. निवृत्त होऊन तो गावी आला की ही छाया एकाएकी सरते. माजी सैनिकाला लष्करी रुग्णालयाचा दरवाजा अगदीच बंद होता असे नव्हे, तथापि ती रुग्णालये छावण्यांत आणि सैनिकाचे घर डोंगरापलीकडे, अशी गत होती. ही उणीव दूर करण्यासाठी १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. आरंभी २२७ ठिकाणी तिचे दवाखाने, म्हणजे पॉलिक्लिनिक, मंजूर झाले. २०१० मध्ये आणखी १९९ वाढले. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची आणि पतिपत्नींसह अवलंबितांची सोय व्हायची, ही कल्पना निःसंशय चांगली होती.

अंतर मात्र उरलेच. बडोद्याच्या सुभानपुऱ्यात राहणारा निवृत्त सुभेदार रिक्षा करून शहरातल्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन येऊ शकतो. त्याचाच जोडीदार छोटा उदेपूरकडील एखाद्या पाड्यावर असेल, तर त्याचा सारा दिवस एस.टी.त जातो. हक्क दोघांचा एकच. पण एकाला तो हाताशी आहे आणि दुसऱ्याला प्रवासाच्या पलीकडे.

दुरून रोग्याची विचारपूस करण्याचा विचार वाटतो तितका नवा नाही. हॉलंडमधील लायडन येथे आइंटहोवेन या शास्त्रज्ञाने १९०५ साली रुग्णालयातल्या रोग्याच्या हृदयाचे स्पंदन टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत नोंदविले. ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नाने १९२८ मध्ये विमानाने फिरणारे डॉक्टर सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी ट्रेगर या कारागिराचा पायाने फिरविण्याचा रेडिओ त्यांच्या मदतीस आला. सायकलीप्रमाणे पायटे मारायचे, वीज निर्माण करायची आणि शेकडो मैलांवरच्या डॉक्टरांशी बोलायचे! पुढे तेथे वस्तीवस्तीवर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या आणि प्रत्येक औषधाला क्रमांक दिला गेला. डॉक्टरांनी रेडिओवर क्रमांक सांगावा आणि घरच्या माणसाने ती बाटली काढावी. साऱ्या व्यवस्थेचे मर्म या पेटीत होते, असे म्हटले तर चुकणार नाही.

आपल्याकडे आंध्रातील अरगोंडा गावी २००० साली खाजगी रुग्णालयाने आणि २००१ पासून अवकाश संशोधन संस्थेने उपग्रहाच्या साह्याने असे प्रयोग आरंभले. कायद्याची स्पष्टता यायला मात्र २५ मार्च २०२० उजाडावे लागले. त्या दिवशी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. साथीच्या त्या वर्षातच, ऑगस्टमध्ये, सैन्यदलांच्या 'सेहत' या दूर-बाह्यरुग्ण विभागाची चाचणी सुरू झाली आणि २७ मे २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. सेवेतील व निवृत्त अशा दोन्ही सैनिकांना व त्यांच्या कुटुंबियांना त्यातून घरबसल्या लष्करी डॉक्टर दिसू लागले.

मधुमेह, रक्तदाब, जुनी सांधेदुखी यांसाठी ही सोय मोठीच आहे. पण औषधाची चिठ्ठी फोनवर येते, गोळ्या काही फोनमधून पडत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या त्या पेटीची आठवण येते ती इथे. सर्वांत कठीण गोष्ट तातडीची. रात्री छातीत कळ आली, तर 'सेहत' हा नावाप्रमाणेच बाह्यरुग्ण विभाग आहे, अपघात-विभाग नव्हे. २०२० च्या तत्त्वांतही हे स्वच्छ लिहिले आहे की, आणीबाणीत दूरच्या डॉक्टराने प्रथमोपचार, जीव वाचविण्याचा तात्कालिक उपाय व योग्य रुग्णालयाचा सल्ला एवढेच द्यावे आणि रोग्यास प्रत्यक्ष उपचाराकडे धाडावे. मग धाव घ्यायची ती १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेकडे. गुजरातेत ती २००७ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे.

अशा वेळी माजी सैनिकाच्या घरच्यांनी एक नियम ध्यानी ठेवलेला बरा, कारण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. जीव धोक्यात असेल तर योजनेच्या यादीबाहेरचे रुग्णालयही चालते, पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीसाठी थांबावे लागत नाही. मात्र ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. आणि तेवढ्यासाठी तरी घरातल्या फोनमध्ये त्या दवाखान्याचा क्रमांक आधीच लिहून ठेवलेला असावा लागतो.