दहा क्रमांकाची जर्सी

करमाडला मैदान आहे, पण फुटबॉल नाही. जालना रस्त्याच्या या गावात संध्याकाळी क्रिकेट चालते, कबड्डी चालते, आणि यात्रेच्या दिवसांत कुस्त्यांचा फड रंगतो. तरीही द्वितीय वर्षाच्या वर्गात विलापिका हा काव्यप्रकार शिकवत असताना समोरच्या बाकावर एक विद्यार्थी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पाठीवर दहा आकडा छापलेली जर्सी घालून बसला होता. आठवडी बाजारातून घेतलेली. विलापिकेत मृत व्यक्तीशी कवीचे नाते गृहीत धरलेले असते, असे मी सांगत होतो. त्यावर त्याने विचारले, "सर, ज्याला आपण कधी भेटलोच नाही त्याच्यासाठी रडलं, तर ते खरं की खोटं?" मॅराडोना गेला (२५ नोव्हेंबर २०२०) त्या दिवशी आपल्या डोळ्यांत पाणी आले होते, असे त्याने नंतर जरा संकोचाने सांगितले.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हते. मला मात्र दुसरी एक दहा क्रमांकाची जर्सी आठवली. ती गोव्यातली.

५ डिसेंबर २००४. बेंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोने तो २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल एकाच खेळाडूने केले. क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचविशीतला ब्राझिलियन आघाडीपटू. दुसरा गोल मारतानाच त्याची धडक पुढे झेपावलेल्या गोलरक्षकाशी झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि तो खाली कोसळला. त्यानंतर तो उठला नाही. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. धेंपोने चषक जिंकला आणि आपला खेळाडू गमावला, दोन्ही एकाच संध्याकाळी.

क्रिस्तियानो गोव्याचा नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. आदल्या, म्हणजे २००३-०४ च्या, हंगामात तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला होता. ईस्ट बंगालने त्या वर्षी राष्ट्रीय लीग जिंकली आणि लीगमधील सर्वाधिक, म्हणजे पंधरा गोल याच्या नावावर होते. गोव्यात येऊन त्याला काही महिनेच झाले होते. कोकणी त्याला येत असण्याची शक्यता कमीच. पोर्तुगीज मात्र येत होती, आणि गोव्यातल्या जुन्या पिढीशी दोन शब्द बोलायला तेवढे पुरे. अशा परक्या, अल्पकाळच्या पाहुण्यासाठी एका प्रदेशाने शोक केला. धेंपोने त्याची दहा क्रमांकाची जर्सी निवृत्त करण्याचा निर्णय घेतला.

या प्रथेचा थोडा विचार केला पाहिजे. आपल्याकडे स्मारक म्हणजे काहीतरी असणे: पुतळा, चौकाला नाव, समाधी, निदान भिंतीवरची तसबीर. जर्सी निवृत्त करणे म्हणजे मात्र काहीतरी नसणे. नऊनंतर अकरा येतो आणि मधली जागा रिकामी राहते. ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती दिसते. नव्या प्रेक्षकाला तर काही उणे आहे हेही कळत नाही. म्हणजे हे स्मारक चाहत्यांच्या बोलण्यावरच जगते. कोणीतरी विचारायला हवे, "यांच्यात दहा नंबर का नाही?" आणि कोणीतरी सांगायला हवे. मौखिक परंपरा शिकवणाऱ्यांनी याकडे करमणूक म्हणून पाहू नये, असे मला वाटते.

ही रीत बाहेरून आली, हे खरे. जून २००३ मध्ये कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए फ्रान्समधील ल्यों येथे मैदानावर कोसळून गेला. मँचेस्टर सिटीने त्याचा तेवीस क्रमांक बाजूला ठेवला. जानेवारी २००४ मध्ये बेनफिकाचा हंगेरियन खेळाडू मिक्लोश फेहेर असाच गेला आणि त्याचा एकोणतीस क्रमांक निवृत्त झाला. दीड वर्षाच्या आत घडलेल्या तीन मृत्यूंपैकी आपल्या देशातला हा तिसरा.

पण चाहते आठवतात ते काय? आठवतो तो दुसरा गोल. पहिल्या गोलाविषयी कोणी बोलत नाही. त्या धडकेचे चित्रण आजही इंटरनेटवर सापडते आणि ते पाहणारा प्रत्येक जण क्रिस्तियानोला पुन्हा एकदा मरताना पाहतो. ईस्ट बंगालकडून केलेले ते पंधरा गोल मात्र आकडा होऊन राहिले आहेत. माणूस मैदानावर गेला की त्याचे सारे खेळणे त्या शेवटच्या क्षणात गडप होते.

मराठी वाचकाला ही गोष्ट अगदीच अनोळखी नाही. नामदेवांच्या नावावरील अभंगांत ज्ञानदेवांच्या समाधीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोण आले, कोण कसे रडले, शेवटची पावले कशी पडली, हे सारे तिथे थांबून थांबून सांगितले जाते. व्यक्तींची तुलना मला अर्थातच करायची नाही, ती करणे हास्यास्पद ठरेल. शोक करणाऱ्याच्या सवयीची तुलना मात्र करता येईल. शेवटचा दिवस बारकाईने सांगत राहिले की तो संपत नाही. फरक एवढाच की ज्ञानदेवांच्या बाबतीत ज्ञानेश्वरी आपल्या हाती उरली. खेळाडूचे असे काय उरते?

शोकाची दुसरी सवय अधिक कठोर आहे. त्याला दोषी हवा असतो. मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल तेव्हा अठराच्या आसपासचा मुलगा होता. त्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली, आणि कारवाई संपली तरी ती संध्याकाळ त्याच्या नावाला चिकटून राहिली. पुढे तो भारताचा गोलरक्षक झाला. २०११ च्या आशियाई चषकात कतारला त्याने जे गोल वाचवले त्याचे कौतुक परदेशी पत्रकारांनीही केले. २०१६ चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. तरी त्याच्याविषयीच्या लेखांत तो डिसेंबर येतोच. एकाला मरणाच्या क्षणात आणि दुसऱ्याला धडकेच्या क्षणात कायमचे उभे करून ठेवायचे, हे चाहत्यांचे प्रेम आहे आणि त्यांचा अन्यायही.

मैदानावरील वैद्यकीय सोयींचा प्रश्न त्या गोंगाटात मागे पडला. २०१२ मध्ये याच बेंगळूर शहरात, जिल्हा पातळीच्या सामन्यात डी. वेंकटेश हा तरुण खेळाडू कोसळून गेला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला. निवृत्त केलेल्या जर्सीपेक्षा प्रत्येक मैदानावर एक सज्ज रुग्णवाहिका हे अधिक चांगले स्मारक झाले असते. पण रुग्णवाहिकेविषयी कोणी हळवे होत नाही.

आता याच्या नेमके उलट उदाहरण. नेव्हिल डिसूझा. मूळ गोमंतकीय, खेळला मुंबईत, टाटा आणि कॅल्टेक्सकडून. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि त्यातले तीन गोल नेव्हिलचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला; पुढे भारत १-४ असा हरला आणि अखेर चौथा आला. स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणजे पूर्वजांची भूमी ज्या देशात अजून सामील झालेली नव्हती, त्या देशासाठी तो खेळत होता. हा तपशील कुणा कादंबरीकाराच्या नजरेतून कसा सुटला, याचे नवल वाटते.

मुंबईत दूरदर्शन आले ते १९७२ मध्ये. नेव्हिलचे मेलबर्नमधले गोल इथल्या चाहत्यांनी ऐकले आणि वाचले, पाहिले नाहीत. तो १९८० च्या मार्चमध्ये गेला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूचे कोणतेही दृश्य कोणाच्या डोळ्यांसमोर नाही. म्हणून त्याचे गोल टिकले: नऊ, तेहेतीस आणि पन्नास, ही मिनिटेसुद्धा जाणकारांना पाठ असतात. माणूस मात्र विरून गेला. तो कसा चालायचा, कसा हसायचा, निवृत्तीनंतर त्याचे दिवस कसे गेले, हे सांगणारे मराठी पुस्तक मी पाहिलेले नाही.

एकाचा मृत्यू उरला, दुसऱ्याचे आकडे. दोघांचेही चाहते प्रामाणिक होते. स्मरण करण्याची इच्छा पुरेशी नसते, त्यासाठी भाषा लागते, आणि खेळाची भाषा आपण मराठीत फार थोडी घडवली. कुस्तीची आहे: डावांची नावे आहेत, फडाचे वर्णन आहे. फुटबॉलविषयी आपण निकाल लिहितो. विशेष म्हणजे 'नवप्रभा' हे पणजीचे मराठी दैनिक धेंपो समूहाचेच. मराठी वृत्तपत्र आणि फुटबॉल संघ एकाच घरात नांदत असताना मराठीत गोव्याच्या फुटबॉलचे ललित वाङ्मय नसावे, याचा दोष एकट्या वाचकांना देता येणार नाही. आपण अध्यापकांनीही कधी ते मागितले नाही.

क्रिस्तियानो गेला त्याच हंगामात, २००४-०५ मध्ये, धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. पुढे आणखी चार विजेतेपदे आली. २०१६ मध्ये क्लबने आय-लीगमधून माघार घेतली आणि काही वर्षे राष्ट्रीय पातळीवर ही जर्सीच दिसेनाशी झाली. संघच नाही म्हटल्यावर त्यातली रिकामी जागा कुठे शोधायची? २०२४-२५ मध्ये धेंपो आय-लीगमध्ये परतला.

हे सारे मी वर्गात सांगितले, अर्थात अभ्यासक्रमाच्या बाहेर जाऊन. सत्राच्या परीक्षेत विलापिकेवर टीप लिहायला होती. त्या विद्यार्थ्याने केशवसुत, तांबे यांची नावे घेतली आणि शेवटी तीन ओळी क्रिस्तियानोवर लिहिल्या. तो एका हंगामात पंधरा गोल करायचा, तो डावीकडे पाहून उजवीकडे मारत असेल, लोक उभे राहत असतील, अशा. तो कसा गेला हे त्याने लिहिले नव्हते. मी बाजूला 'विषयांतर' असे लिहिले, मग खोडले, आणि पाचपैकी चार गुण दिले.