मंदिरापासून मशिदीपर्यंत, आणि तिथून तीनशे पावले पुढे : अहमदाबादच्या जुन्या शहरातील मराठी काळ

#धागा

अहमदाबादच्या जुन्या शहरात एका दरवाजावर देवनागरी अक्षरांतील एक शिलालेख आहे. तारीख १० ऑक्टोबर १८१२. लिहविणारा मराठा अंमलदार चिमणाजी रघुनाथ. विषय : बापाच्या मालमत्तेतील मुलीचा वाटा. पानिपत, अटक आणि दिल्लीवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या मराठी इतिहासप्रेमींपैकी फार थोड्यांना या दगडाची माहिती असते. शहर दाखविणाऱ्या प्रसिद्ध पायी फेरीच्या वाटेतही तो येत नाही. फेरी जिथे संपते तिथून तो काही मिनिटांच्या अंतरावर आहे. हा धागा त्या फेरीविषयी आणि त्या उरलेल्या अंतराविषयी.

अहमदाबाद महानगरपालिकेची ही 'हेरिटेज वॉक' १९ नोव्हेंबर १९९७ रोजी सुरू झाली. वास्तुविशारद देबाशीष नायक यांचा त्यामागे मोठा वाटा होता. फेरी सकाळी काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापाशी सुरू होते, पोळींच्या अरुंद बोळांतून वळसे घेत जाते आणि जामा मशिदीत संपते. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला; हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर. त्यामागे वीस वर्षे रोज सकाळी चाललेली ही पायपीट होती, हे विसरू नये.

आरंभ आणि अंत यांच्या तारखा मात्र पाहण्यासारख्या आहेत. स्वामीनारायण मंदिर १८२२ चे, इंग्रज सरकारने दिलेल्या जागेवर उभे राहिलेले. जामा मशीद १४२४ ची, शहराचा संस्थापक सुलतान अहमदशहा याच्या काळातील. म्हणजे पाहुणा इंग्रजी अमलातून निघतो आणि सल्तनतीत पोहोचतो. मधली मराठ्यांची सहा दशके कुठे आहेत, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर वाटेवर सर्वत्र विखुरलेले आहे. फक्त त्यावर पाटी नाही.

'पोळ' म्हटले की मराठी कानाला देवाच्या नावाने सोडलेला मोकाट बैल आठवतो. गुजरातीत पोळ म्हणजे एका वेशीच्या आत वसलेली वस्ती. शब्दाचे मूळ संस्कृत 'प्रतोली', म्हणजे वेस किंवा दरवाजा. आत एकाच जातीची वा एकाच धंद्याची घरे, बसायला ओटले, मधोमध पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला चबुतरा, घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. रात्री वेस बंद होई. काही पोळींत एका घरातून दुसऱ्या वस्तीत निसटण्याच्या गुप्त वाटाही होत्या. पर्यटक या वाटा पाहून हरखतात. अशी वाट बांधण्याची वेळ माणसावर का यावी, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडतो.

पोळींची ही बंदिस्त रचना मुख्यतः अठराव्या शतकातील अस्थिरतेत, मोगल आणि मराठे यांच्या दुहेरी अमलाच्या काळात बळावली असे मानले जाते. त्या काळाचा आरंभ रक्कम मोजून झाला. निजामाचा चुलता हमीदखान याने मोगल सुभेदारीविरुद्ध मराठ्यांची मदत घेतली. कंठाजी कदम बांडे यांच्या फौजा शहराच्या तोंडाशी आल्या आणि लूट अटळ दिसू लागली. तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची रक्कम देऊन ती टाळली. हे खुशालचंद प्रसिद्ध जवाहीर शांतिदास झवेरी यांचे नातू. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी १७२५ मध्ये ठराव केला, की शहरात छाप लागणाऱ्या मालावर दर शेकडा चार आणे नगरशेठांच्या घराण्याला द्यावेत. आपल्या बखरी ज्या स्वाऱ्यांचे वर्णन पराक्रम म्हणून करतात, त्यांची दुसरी बाजू या चार आण्यांत नोंदलेली आहे.

पुढे १७३८ मध्ये दमाजी गायकवाड आणि मोमीनखान यांनी शहराचा ताबा वाटून घेतला. १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी यांनी मिळून शहर घेतले. १७५६ मध्ये खंबायतच्या मोमीनखानाने ते परत जिंकले; दीर्घ वेढ्यानंतर फेब्रुवारी १७५८ मध्ये मराठ्यांनी ते पुन्हा मिळविले. त्याच वर्षी मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. अटक आपल्याला पाठ आहे. ती काही महिने टिकली. अहमदाबाद जवळपास साठ वर्षे टिकले. मधे १७८० मध्ये जनरल गॉडर्डने ते जिंकले होते, पण सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये ते परत आले. कोणती घटना लक्षात ठेवायची हे ठरविताना आपण स्वारीला कारभारापेक्षा नेहमीच झुकते माप देतो.

फेरीच्या वाटेवर इतरही पुष्कळ पाहण्यासारखे आहे. लांबेश्वरनी पोळ येथे कवी दलपतराम यांचे घर होते. घर गेले, त्याचा दर्शनी भाग पुन्हा उभारून ओटल्यावर कवींचा धातूचा पुतळा बसविला आहे. शेजारी बसून छायाचित्र काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने गुजरातच्या इतिहासावरील 'रासमाळा' हा ग्रंथ लिहिला, तो दलपतरामांनी गावोगाव फिरून जमविलेल्या साहित्याच्या आधारावर. हाजा पटेलनी पोळ येथे काळा रामजीचे मंदिर आहे; नाव ऐकताच मराठी वाचकाला नाशिक आणि १९३० चा सत्याग्रह आठवणे स्वाभाविक आहे, पण दोन्ही मंदिरांचा परस्परांशी संबंध केवळ मूर्तीच्या रंगापुरता. दोशीवाडानी पोळ येथील जैन देरासरे बाहेरून साध्या घरासारखी दिसतात आणि आत शिरताच डोळे दिपतात. हरकुंवर शेठाणींची लाकडी कोरीवकामाची हवेली विसरू नये. पती हठीसिंग यांच्या निधनानंतर त्यांनी दिल्ली दरवाजाबाहेरचे भव्य हठीसिंग मंदिर पूर्णत्वाला नेले. मालमत्ता एका स्त्रीच्या हाती राहिली तर काय घडू शकते, याचा हा एक नमुना.

मग माणेकचौक. सराफ बाजार, शेअर बाजाराची जुनी इमारत, राण्यांच्या कबरींचा 'राणीनो हजीरो' आणि त्याला खेटून भरलेला कापडबाजार. जामा मशिदीत पाऊल टाकताच गोंगाट एकदम थांबतो. प्रशस्त अंगण, २६० खांब, १५ घुमट. मनोरे आता नाहीत. १८१९ च्या कच्छच्या भूकंपात ते अर्धे ढासळले आणि उरलेले १९५७ मध्ये गेले. इथे वाटाड्या निरोप घेतो.

ज्याला मराठी काळ पाहायचा आहे त्याने इथून पश्चिमेकडे चालत राहावे. कपडे, भांडी, चपला यांच्या गर्दीतून तीन कमानींचा तीन दरवाजा समोर येतो. अहमदशहाच्या काळातील ही कमान राजमैदानात शिरण्याची जागा होती. एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. नगर सोडून निघालेल्या लक्ष्मीला, बादशहाची परवानगी घेऊन येतो तोवर थांब, असे सांगून एक कोतवाल गेला. ती कायम इथेच राहावी म्हणून त्याने स्वतःचा प्राण दिला, अशी आख्यायिका आहे. त्याच्या स्मरणार्थ हा दिवा एक मुस्लिम कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळते. कथा मनोहर आहे आणि वाटाडे ती रंगवून सांगतात. शिलालेख त्याच दरवाजावर असूनही त्याच्या वाट्याला एवढे श्रोते येत नाहीत.

लेखाचा आशय थोडक्यात असा : मुलीला बापाच्या मालमत्तेतील तिचा वाटा विनाअडथळा मिळावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे, ती मोडणाऱ्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्ला व रसूलापुढे जाब द्यावा लागेल.

समाजमाध्यमांवर अधूनमधून हा दगड 'भारतातील पहिला स्त्री-हक्क कायदा' म्हणून फिरतो. ही बिरुदावली घाईची आहे. इस्लामी कायद्यात मुलीचा वाटा आधीपासून ठरलेला होता, मुलाच्या निम्मा का असेना. हिंदूंसाठी गुजरातेत 'व्यवहारमयूख' प्रमाण मानला जाई. त्याचा कर्ता नीलकंठ भट्ट हा मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातला. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. मयूखात मुलीला वारसा आहे, पण मुलगा आणि विधवा नसतील तेव्हा. या पार्श्वभूमीवर शिलालेखाचे वजन कळते. तो दोन्ही समाजांना एकाच वाक्यात, एकाच हक्कासाठी, ज्याच्या त्याच्या देवाची धाक घालून बांधतो. 'विनाअडथळा' हा भावही बोलका आहे. जिथे अडथळा नसतो तिथे तसा हुकूम काढावा लागत नाही, आणि तो शहरातील सर्वांत वर्दळीच्या वेशीवर तर मुळीच कोरावा लागत नाही.

या हुकुमाच्या बजावणीसाठी दगडात दंड सांगितलेला नाही, केवळ देवाची भीती आहे. तरीही तुलना टाळता येत नाही. महाराष्ट्राने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हक्क दिला तो १९९४ मध्ये, आणि तोही तोवर लग्न झालेल्यांना वगळून. देशभर तसा बदल झाला २००५ मध्ये. आजही तलाठ्याच्या दप्तरात आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत 'हक्कसोड पत्र' हा परिचित दस्त आहे. सही कोणाची असते आणि कोणाच्या नावे असते हे मराठी घरात सांगावे लागत नाही. भाऊबीज तुटू नये म्हणून बहीण सही करते. चिमणाजी रघुनाथच्या 'विनाअडथळा' या अपेक्षेपुढे दोनशे वर्षांनंतर उभा असलेला अडथळा हा असा, गोड बोलून पुढे केलेल्या कागदाचा आहे.

आता १८१२ या सालाकडे. त्या वेळी शहरातील पेशव्यांचा हिस्सा गायकवाडांकडे इजाऱ्याने होता. १८०० मध्ये दिलेला हा इजारा १८१४ मध्ये संपला आणि दुसऱ्या बाजीरावाने तो पुन्हा न देता आपला विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याला अहमदाबादचा कारभार सोपविला. इजाऱ्याची आणि जुन्या हिशेबांची बोलणी करायला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात त्यांचा खून झाला. ठपका त्रिंबकजीवर आला. ठाण्याच्या किल्ल्यातून त्याचे पलायन, एल्फिन्स्टनचा दबाव, जून १८१७ चा पुण्याचा तह आणि त्यातून खडकीची लढाई : हा क्रम प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्याच्या मुळाशी एका गुजराती शहराचा इजारा होता, हे मात्र त्यात एखाद्या ओळीपुरते येते.

तीन दरवाजातून पुढे भद्रचा किल्ला. त्यातील आझमखानाच्या मोगलकालीन सराईच्या एका दालनात मराठी अमलात भद्रकालीचे देऊळ झाले. किल्ल्याचे नाव या देवीवरून पडले असे तेथे सर्रास सांगतात. दुसरे मत असे, की अणहिलवाड पाटणच्या जुन्या भद्र किल्ल्यावरून अहमदशहाच्या काळातच ते नाव आले. आणि मंदिर किल्ल्याहून तीन शतकांनी तरुण असल्यामुळे हेच मत अधिक पटते. नाव आधी आणि देवी मागाहून, अशी उलटी वाट इतिहासात अनेकदा दिसते.

शेवटचा टप्पा रायखड. जमालपूर दरवाजाच्या बाजूला गायकवाड हवेली आहे, १७३८ च्या वाटणीनंतर दमाजींनी उभारलेली. शहराचा अर्धा कारभार इथून चाले. तिच्यावर कोरीव सज्जे नाहीत, छायाचित्रासाठी थांबावे असे फारसे काही नाही. इंग्रजांनी तिचा उपयोग शस्त्रागार म्हणून केला. पुण्याच्या तहाने इजारा पुन्हा गायकवाडांच्या पदरात पडला, पण तो लाभ काही महिन्यांचाच ठरला. १८१७ संपण्यापूर्वी त्यांनी शहर कंपनीच्या हवाली केले. तीन दरवाजावरचा दगड तेव्हा पाच वर्षांचा होता.