विस्मृत ध्वनिमुद्रिका आणि त्यांचे श्रोते : उत्तर इंग्लंडमधील ‘नॉर्दर्न सोल’ परंपरा

१

लोकप्रिय संगीताचा इतिहास सामान्यतः यशस्वी गीतांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विक्रीच्या कोष्टकात जिने वरचे स्थान मिळविले त्या ध्वनिमुद्रिकेची नोंद राहते. जी दुकानाच्या फळीवर पडून राहिली ती इतिहासातूनही बाहेर पडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नियमाला एक ठळक अपवाद घडला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत मुख्यतः आफ्रिकी-अमेरिकन गायकांनी गायिलेली, तेथे फारशी न खपलेली आणि लवकरच विसरली गेलेली अनेक गीते अटलांटिक महासागरापलीकडे, इंग्लंडच्या उत्तर भागातील कामगारवस्त्यांत, नव्याने ऐकली जाऊ लागली. या श्रवणाच्या आणि नृत्याच्या परंपरेला ‘नॉर्दर्न सोल’ म्हणजे ‘उत्तरेकडील सोल’ असे नाव मिळाले. यातील उत्तर दिशा गाणाऱ्यांची नव्हे, ऐकणाऱ्यांची आहे. एखाद्या संगीतप्रकाराला त्याच्या श्रोत्यांच्या प्रदेशावरून नाव पडावे, हे विरळाच घडते.

या परंपरेविषयी बहुतेक लेखन नृत्य, पोशाख आणि रात्रीच्या संमेलनांच्या आठवणींत रमलेले आहे. प्रस्तुत निबंधात विचार करावयाचा तो दोन प्रश्नांचा. बाजाराने टाकून दिलेले संगीत श्रोत्यांनी कोणत्या मार्गांनी परत मिळविले, हा पहिला प्रश्न. आणि गीताबरोबर ते गाणाऱ्याचे नावही परत आले काय, हा दुसरा.

२

‘सोल’ हा प्रकार कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे ऐहिक संगीत यांच्या संयोगातून निर्माण झाला. रे चार्ल्स आणि सॅम कुक हे त्याचे आद्य प्रवर्तक मानले जातात. १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी कुटुंबाकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन डेट्रॉइट शहरात एक ध्वनिमुद्रण संस्था काढली. हीच पुढे ‘मोटाऊन’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. जलद ठेका, टंबोरीनचा नाद, वाद्यवृंदाची भरदार साथ आणि त्यावर तरंगणारा आर्त स्वर ही तिच्या गीतांची ओळख होती.

मोटाऊनचे यश पाहून डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेल्स, फिलाडेल्फिया आदी शहरांत अनेक लहान संस्था त्याच घाटाची गीते काढू लागल्या. डेट्रॉइटमधील ‘गोल्डन वर्ल्ड’ आणि ‘रिक-टिक’ या त्यांपैकी प्रमुख होत. एका बाजूस एकच गीत असलेली, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी सात इंची तबकडी काढण्यास फार भांडवल लागत नसे. ती विकण्यास मात्र आकाशवाणी केंद्रांचा वेळ आणि वितरकांचे जाळे लागे. ते लहान संस्थांजवळ नव्हते. त्यामुळे थोड्या प्रती निघाल्या, त्यांतील काही केंद्रांकडे नमुन्यादाखल गेल्या आणि उरलेल्या गोदामांत साठल्या. गायक पुन्हा आपल्या पूर्वीच्या व्यवसायाकडे वळला. गीताचा दर्जा आणि त्याचे बाजारातील नशीब यांचा संबंध किती सैल असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

३

मराठी वाचकाला मँचेस्टर आणि लँकेशायर ही नावे कापडाच्या निमित्ताने परिचित आहेत. मुंबईच्या गिरण्यांना ज्यांच्याशी दीर्घकाळ झुंजावे लागले त्या लँकेशायरच्या गिरण्या दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने बंद पडत गेल्या. कोळशाच्या खाणी, उरल्यासुरल्या गिरण्या आणि कारखाने यांत आठवडाभर राबणारा तरुण वर्ग शनिवारच्या रात्रीची वाट पाहत असे. त्याला मँचेस्टरमधील ‘ट्विस्टेड व्हील’ या क्लबाने एक ठिकाण दिले. १९६३ साली ब्रॅझनोज स्ट्रीटवर उघडलेला हा क्लब १९६५ मध्ये व्हिटवर्थ स्ट्रीटवर गेला. तेथील ‘ऑल-नायटर’, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नृत्यसभा, प्रसिद्धी पावल्या. अंमली गोळ्यांच्या वापरामुळे पोलिसांची करडी नजर या सभांवर होती. १९७१ च्या आरंभी क्लब बंद झाला.

१९६७ नंतर अमेरिकेतील सोल संगीताचे रूप पालटू लागले. ठेका संथ आणि जड झाला, ‘फंक’चा प्रभाव वाढला, आणि लंडनची रुची त्या दिशेने गेली. उत्तरेच्या तरुणांना मात्र १९६५ च्या सुमाराचा जलद, नृत्यानुकूल घाटच हवा होता. डेव्ह गॉडिन (१९३६–२००४) हे सोल संगीताचे व्यासंगी पत्रकार लंडनमध्ये ‘सोल सिटी’ नावाचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालवीत. फुटबॉलचे सामने पाहण्यासाठी उत्तरेकडून येणारे तरुण दुकानात शिरून नव्या गीतांऐवजी जुनीच मागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. अशा ग्राहकांना ‘नॉर्दर्न सोल’ ऐकवावे, अशी सोयीची खूण त्यांनी दुकानातील मंडळींसाठी योजिली, आणि १९७० साली ‘ब्लूज अँड सोल’ या नियतकालिकातील आपल्या सदरात हा शब्द प्रथम छापला.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. श्रोत्यांना हवा असलेला घाट नव्याने निर्माण होणे थांबले होते. तथापि नित्य नवे ऐकण्याची त्यांची ओढ शमली नव्हती. यातून मार्ग एकच उरला. नवे म्हणजे जुन्यातले अद्याप न ऐकलेले. भूतकाळ हाच नावीन्याचा एकमेव साठा ठरला, आणि जे गीत त्या काळी जितके अधिक अपयशी तितके ते आता अधिक नवे वाटू लागले.

४

ट्विस्टेड व्हीलनंतर ही परंपरा स्टोक-ऑन-ट्रेंटजवळील टन्स्टॉल येथील ‘गोल्डन टॉर्च’ (१९७२–७३), ‘ब्लॅकपूल मक्का’ या नृत्यगृहातील ‘हायलँड रूम’ आणि विगन येथील ‘विगन कॅसिनो’ यांनी चालविली. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९३७ च्या ग्रंथामुळे दारिद्र्याचे प्रतीक म्हणून परिचित झालेले विगन हे खाणींचे व गिरण्यांचे गाव २३ सप्टेंबर १९७३ पासून एका वेगळ्या कारणासाठी ओळखले जाऊ लागले. कॅसिनोची सभा मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळी आठला संपे. तेथे मद्य मिळत नसे. लाकडी जमिनीवर पाय सहज घसरावा म्हणून नर्तक शंखजिऱ्याची पूड टाकीत, आणि घामाने भिजल्यावर बदलण्यासाठी कपड्यांची पिशवी बरोबर आणीत. नृत्य जोडीने नसून प्रत्येकाचे स्वतंत्र असे. त्यामुळे ओळख नसलेल्यालाही तेथे स्थान होते.

नर्तनाइतकेच महत्त्व देवघेवीला होते. सभागृहाच्या कडेला ध्वनिमुद्रिकांच्या पेट्या उघडून बसलेल्यांभोवती गर्दी होई. अदलाबदल होई, किमती ठरत, कोणत्या तबकडीची कोणती बाजू ऐकण्याजोगी आहे याची माहिती तोंडोतोंडी पसरे. विक्रीच्या याद्या टपालाने फिरत. ज्यांना मूळ प्रत परवडत नसे ते फितीवर उतरवून घेत. काही संग्राहक अमेरिकेत जाऊन गोदामे आणि जुन्या मालाची दुकाने धुंडाळीत. रिचर्ड सर्लिंग यांनी १९७३ साली अमेरिकेहून आणलेल्या ध्वनिमुद्रिकांत ग्लोरिया जोन्स यांनी १९६४ साली गायिलेले ‘टेंटेड लव्ह’ हे गीत होते. मूळ तबकडीवर ते मागील बाजूस टाकलेले होते.

या वाटपाच्या पोटातच त्याच्या विरुद्ध अशी एक प्रवृत्ती वाढत होती. जे गीत इतर कोणाजवळ नाही, ते ज्याच्याजवळ आहे त्या डिस्क जॉकीला प्रतिष्ठा मिळे. ती टिकविण्यासाठी तबकडीच्या मध्यावरील छापील चिठ्ठीवर कोरा कागद चिकटवून गायकाचे आणि गीताचे खोटे नाव जाहीर करण्याची प्रथा पडली. जमैकातील ‘साउंड सिस्टीम’ चालकांनी १९५० नंतरच्या दशकात तबकड्यांवरील नावे खरवडून हाच उपाय योजिला होता. अशा रीतीने गीत शेकडो लोकांत वाटले जाई. नाव मात्र एकाच्याच पेटीत बंद राही. त्या नावाचा छडा लावणे हा मग प्रतिस्पर्ध्यांचा उद्योग होऊन बसला. छडा लागला की चोरट्या प्रती निघत, आणि त्यांवरील उत्पन्नाचा अंश गायकाला वा रचनाकाराला पोचत नसे.

या प्रथेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फ्रँक विल्सन यांचे ‘डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)’ हे गीत. विल्सन हे मोटाऊनमधील रचनाकार व निर्माते. १९६५ साली त्यांनी स्वतः गायिलेल्या या गीताच्या सुमारे २५० प्रती काढल्याचे सांगितले जाते. परंतु निर्माता म्हणूनच काम करावे असे ठरल्यावर ते प्रसिद्ध करण्याचा बेत सोडला गेला आणि प्रती नष्ट करण्यात आल्या. पुढील दशकात एक प्रत इंग्लंडात आली आणि गीत नृत्यगृहांत गाजू लागले, पण ‘एडी फॉस्टर’ या नावाखाली. १९७९ मध्ये ते ब्रिटनमध्ये विल्सन यांच्या नावाने अधिकृतपणे निघाले. मूळ तबकडीची एक प्रत २००९ साली २५,००० पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. २०२० साली ही किंमत १ लाख पौंडांवर गेल्याचे वृत्त आहे. विल्सन २०१२ साली निधन पावले. दुर्मीळ वस्तूचे मोल संग्राहकांच्या बाजारात ठरते. त्यात गायकाचा वाटा नसतो.

५

नाव परत येण्याचे मार्ग अनेक होते आणि प्रत्येकाचे फळ निराळे होते. पहिला मार्ग पुनःप्रकाशनाचा. ‘द टॅम्स’ या गायकवृंदाचे १९६४ चे ‘हे गर्ल डोन्ट बॉदर मी’ हे गीत क्लबांतील मागणीमुळे ब्रिटनमध्ये पुन्हा काढण्यात आले आणि १९७१ साली तेथील विक्रीत अग्रस्थानी पोचले. आर. डीन टेलर यांचे १९६७ चे गीत १९७४ साली तिसऱ्या स्थानावर आले.

दुसरा मार्ग नव्या गायकांनी जुने गीत गाण्याचा. ‘सॉफ्ट सेल’ या ब्रिटिश जोडीने ‘टेंटेड लव्ह’ १९८१ साली नव्याने गायिले. ते ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर गेले आणि अमेरिकेच्या प्रमुख कोष्टकात ४३ आठवडे राहिले. गीत जगभर पोचले. तथापि पुनर्गायनाचे मानधन कायद्याने रचनाकाराकडे जाते. प्रथम गाणाऱ्याचा त्यावर हक्क नसतो. एड कॉब यांचे रचनाकारपण त्यामुळे सुरक्षित राहिले. ग्लोरिया जोन्स यांचे नाव मात्र पुष्कळ श्रोत्यांना त्यानंतरही ठाऊक नव्हते.

तिसरा मार्ग गायकाच्या प्रत्यक्ष आगमनाचा. शिकागोचे मेजर लान्स यांनी डिसेंबर १९७२ मध्ये गोल्डन टॉर्चमध्ये केलेल्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले. एडविन स्टार यांनी ब्रिटनमध्येच बिऱ्हाड केले आणि २००३ साली तेथेच त्यांचे निधन झाले. विगन कॅसिनोत प्रत्येक सभेच्या अखेरीस ठरलेली तीन गीते लागत. त्यांतील शेवटचे न्यूयॉर्कच्या डीन पॅरिश यांचे असे. समुद्रापलीकडील एका गावात आपल्या आवाजावर रात्र संपते, याची त्यांना दीर्घकाळ कल्पना नव्हती. ती आल्यावर उतारवयात त्यांनी ब्रिटनमध्ये येऊन गायन केले.

चौथा मार्ग संशोधनाचा, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच सर्वांत टिकाऊ ठरला. लंडनच्या ‘एस रेकॉर्ड्स’ने १९८२ साली ‘केंट’ ही शाखा सुरू केली. मूळ हक्कधारकांशी करार करून, माहितीपूर्ण टिपणांसह जुनी गीते पुन्हा काढणे हे तिचे कार्य. गॉडिन यांनीही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत याच शाखेसाठी ‘डीप सोल ट्रेझर्स’ ही संकलनमाला सिद्ध केली. ज्या प्रेमाने संग्राहकाला नाव झाकावयास लावले, त्याच प्रेमाला येथे नाव लिहिण्याची शिस्त लाभली.

६

विगन कॅसिनो ६ डिसेंबर १९८१ रोजी बंद झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची इमारतही उरली नाही. परंपरा मात्र संपली नाही. लंडनच्या ‘हंड्रेड क्लब’मधील रात्रसभांनी ती पुढे नेली, आणि १५ जुलै २०२३ रोजी बी.बी.सी.च्या ‘प्रॉम्स’ महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, वाद्यवृंदासह नॉर्दर्न सोलचा कार्यक्रम झाला. एके काळी पोलिसांच्या नजरेखाली असलेल्या संगीताला राष्ट्रीय व्यासपीठ मिळण्यास सुमारे अर्धशतक लागले.

कोणत्याही ग्रंथालयाने वा अभिलेखागाराने जे संगीत त्या काळी जतन करण्याजोगे मानले नाही, ते खाणकामगार, गिरणीकामगार आणि दुकानांतील सहायक यांनी आपल्या वेतनातून वाचविले. त्यांच्या ऐकण्यामुळे तबकडी वाचली, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु निनावी गीत आनंद देऊ शकते, पुरावा होऊ शकत नाही. ते कोणी, कोठे, केव्हा गायिले हे कळेपर्यंत डेट्रॉइट वा शिकागो येथील त्या गायकाच्या श्रमाची नोंद इतिहासात होत नाही, आणि त्याचा देय भागही त्याला मागता येत नाही. म्हणून या परंपरेचे मूल्यमापन करताना संग्राहकांच्या शोधवृत्तीबरोबर त्यांच्या लपविण्याचाही हिशेब मांडणे अवश्य आहे. आणि तबकडीवरील कोरा कागद काढून मूळ चिठ्ठी वाचणाऱ्या संशोधकांना तिच्या रक्षकांमध्ये अग्रमान देणे उचित ठरेल.